‘झालं’ म्हटल्यानंतरचे चाळीस सेकंद

मी मुळात तापट. घरी मला लहानपणापासून ‘ठिणगी’ म्हणतात आणि थोरला भाऊ अजूनही फोन उचलल्या उचलल्या विचारतो, ‘‘आज कोणावर?’’ हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट एका बाईंच्या उपकारांची आहे, आणि ते उपकार होत होते तेव्हा मी जवळजवळ सगळा वेळ त्यांच्यावर चिडलेली होते.

माझं पीएचडीचं संशोधन कंपवाताच्या रुग्णांच्या चालण्यावर होतं. कमरेला एक पट्टा, दोन्ही घोट्यांना एकेक काड्याच्या पेटीएवढा सेन्सर, आणि हॉस्पिटलच्या लांब कॉरिडॉरमध्ये फरशीवर चिकटवलेल्या दोन पिवळ्या पट्ट्या. मधलं अंतर दहा मीटर. रुग्णाने तीनदा जायचं, तीनदा यायचं. यंत्र पावलं मोजणार, आणि आजार किती पुढे गेलाय ते आमचा प्रोग्रॅम सांगणार. सांगणार, असं चार वर्षांपूर्वी आम्ही लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात प्रोग्रॅम काहीच सांगत नव्हता. बेचाळीस रुग्ण मोजून झाले, पण कालपरवा आजार कळलेला माणूस आणि आठ वर्षं गोळ्या खाणारा माणूस माझ्या आलेखात जुळ्या भावांसारखे दिसत.

माझे गाईड शांत गृहस्थ. शांत माणसं जास्त घाबरवतात. ते म्हणाले, ‘‘तीन महिन्यांनी कामाचा आढावा घ्यायला समिती बसतेय. तोवर काही हाती लागलं तर ठीक, नाही तर विषय बदलू.’’ विषय बदलू म्हणजे चार वर्षं पाण्यात. मावशीला तर मी काय करते तेच कधी कळलं नव्हतं. ‘‘डॉक्टर होणार, पण गोळी देणार नाहीस? मग तुझा उपयोग काय?’’ असं ती दर भेटीत विचारायची, आणि त्या दिवसांत मला ते विनोदी वाटेनासं झालं होतं.

त्यातच विभागाने नवा नियम काढला. आजारांवर संशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने बारा गुरुवार एका डॉक्टरांसोबत ओपीडीत बसायचं. तपासायचं नाही, लिहायचं नाही, नुसतं बघायचं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घर जळत असताना मला शेजारी जाऊन बसायला सांगत होते.

डॉक्टरबाई पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, पायात सपाट बूट. पहिल्या दिवशी माझ्या हातातली वही घेतली आणि टेबलाच्या खणात टाकली. ‘‘तीन गुरुवार ही इथेच राहील. तू त्या कोपऱ्यात उभी राहा. दार अडवू नकोस.’’

‘‘मॅडम, मग लक्षात कसं राहणार?’’

‘‘राहील ते राहील.’’

त्यांची कामाची पद्धत बघून मी कपाळाला हात लावला. इतर डॉक्टर घंटी वाजवतात, पेशंट आत येतो. या प्रत्येकाला आणायला स्वतः उठून बाहेर जायच्या. खुर्च्यांच्या रांगेसमोर उभं राहून हाक मारायच्या, आणि मग त्या माणसाच्या अर्धं पाऊल मागून चालत आत यायच्या. तपासणी झाली की पुन्हा दारापर्यंत पोचवायला. तेवढ्यावरही भागत नसे. दार उघडं ठेवून तो लिफ्टपाशी पोचेपर्यंत तिथेच उभ्या. मी मनात हिशेब केला, माणशी चार मिनिटं वाया. सिस्टर तर हात टेकून बसल्या होत्या. ‘‘आमच्या मॅडम डॉक्टर कमी आणि यजमानीणबाई जास्त,’’ असं त्या मॅडमना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणायच्या.

प्रत्येक पेशंट गेला की मॅडम माझ्याकडे वळून एकच प्रश्न विचारायच्या. ‘‘काय दिसलं?’’

मी सांगायचे, उजव्या हाताचा कंप, साधारण सेकंदाला पाच वेळा. पावलाची लांबी कमी. त्या म्हणायच्या, ‘‘हे तुझं यंत्रही सांगेल. तुला काय दिसलं?’’ मला काहीच दिसलेलं नसायचं. मी गप्प बसले की त्या म्हणायच्या, ‘‘बरं, पुढचा,’’ आणि निघायच्या. ना रागावणं, ना समजावणं. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी माझं नावच ‘घाई’ ठेवलं. ‘‘आली का घाई?’’ सिस्टरही तेच म्हणू लागल्या. मी दात ओठ खाल्ले, पण गुरुवार चुकवला नाही, कारण हजेरीवर त्यांची सही लागायची.

चौथ्या गुरुवारी वही परत मिळाली, तेव्हा मला तिची आठवणही नव्हती. त्या दिवशी मी पहिल्यांदा काहीतरी पाहिलं होतं. एका बाईंनी पर्समधून चष्मा काढताना पर्स मांडीवर ठेवली नव्हती, मुलीच्या हातात दिली होती. मी ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘हं. महिनाभरापूर्वी स्वतः काढायच्या.’’ आणि त्यांनी गोळीची वेळ बदलली. मला इतका आनंद झाला, की भावाला फोन करून सांगितलं. त्याला काही कळलं नाही. पर्स, चष्मा, त्यात काय?

सहाव्या गुरुवारी मास्तर आले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. माझ्या यादीत त्यांचा क्रमांक सतरा, पण हॉस्पिटलभर ते मास्तरच. गुरुवारी ओपीडीनंतर फिजिओच्या खोलीत रुग्णांचा व्यायामाचा वर्ग असे. शिकवायची फिजिओ, पण वर्ग मास्तर आपलाच समजत. कोण आलं नाही, कोण पाठीत वाकतंय, कोणी गोळी चुकवली, सगळा हिशेब त्यांच्याकडे. बाकीचे त्यांचं ऐकतही. सोबत काकू असायच्या, त्यांची बायको. त्या कमी बोलत. मास्तर दोघांचं बोलत.

मॅडमनी त्यांना चालून दाखवायला सांगितलं. मास्तर उठले आणि चालले ते असे, की समोर झेंडाच असावा. छाती बाहेर, दोन्ही हात सारखे हलताहेत, वळताना गिरकी. ‘‘शाब्बास,’’ मॅडम म्हणाल्या. मास्तर आमच्या दोघींकडे बघून हसले. माझ्या कॉरिडॉरमध्येही ते असेच चालले होते. माझ्या आलेखात ते निरोगी माणसाच्या पंक्तीला होते.

मॅडम त्यांना दारापर्यंत सोडून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. ‘‘काय दिसलं, घाई?’’

‘‘छान चालतात. हात दोन्हीकडे सारखे.’’

‘‘ये इकडे.’’

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्टचं दार उघडलं होतं आणि मास्तर त्याच्यासमोर उभे होते. नुसते उभे. लोक त्यांना वळसा घालून आत जात होते. त्यांचे गुडघे बारीक थरथरत होते, अंग पुढे झुकलं होतं, पण तळवे फरशीला चिकटल्यासारखे. कवायत, छाती, गिरकी, सगळं गेलं होतं. काकू शेजारी. तेवढ्यात मधून एक ट्रॉली गेली, आणि ती सरली तोवर दोघं लिफ्टमध्ये होती.

खरं सांगायचं तर मला आधी फसवल्यासारखं वाटलं. ‘‘म्हणजे ते आपल्यासमोर नाटक करतात?’’

‘‘नाटक नाही गं. कोणी बघतंय म्हटलं की ते सगळं लक्ष पावलांवर लावतात. तेव्हा जमतं. तेही त्यांचंच चालणं, फक्त त्याला फार कष्ट पडतात. दिवसभर कोण एवढं लक्ष लावणार? डोक्यात दुसरं काही आलं, की पाय असे करतात.’’ मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘समोर चांगलं चालायचा त्यांचा हक्क आहे. मी ‘शाब्बास’ म्हणते ते मनापासून म्हणते. पण गोळी ठरवते ती इथे उभी राहून.’’

पुढचे दोन पेशंट मला आठवत नाहीत. मी माझ्या पिवळ्या पट्ट्यांचा विचार करत होते. तिसरी फेरी संपली की मी मोठ्याने म्हणायचे, ‘‘झालं, थांबा! छान!’’ आणि पाठ फिरवून लॅपटॉपवर फाईल जतन करायला लागायचे. रुग्ण तिथून पट्टे सोडायच्या खोलीकडे जायचा. साधारण चाळीस सेकंदांचा रस्ता, मध्ये एक अरुंद दार. सेन्सर अंगावर, चालू. आणि माझा प्रोग्रॅम ‘झालं’च्या पुढचं सगळं आपोआप कापून टाकायचा. आम्ही सगळे असंच करतो. चाचणीच्या आधीचं आणि नंतरचं कापायचं, मधला स्वच्छ तुकडा ठेवायचा. कापलेले तुकडे ज्या फोल्डरमध्ये पडत, त्याला मी स्वतःच्या हाताने ‘कचरा’ असं नाव दिलं होतं.

तो फोल्डर मी कधी रिकामा केला नव्हता. शिस्त म्हणून नव्हे, आळस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा आळशीपणाबद्दल देवाचे आभार मानले. कापलेल्या बेचाळीसच्या बेचाळीस शेपट्या तिथे होत्या. तीन दिवस त्यांच्यावर बसले. सोमवारी दुपारी आलेख काढला आणि प्रयोगशाळेत एकटीच उभी राहून टाळ्या वाजवल्या. जुळे भाऊ वेगळे झाले होते. नवे रुग्ण एकीकडे, जुने दुसरीकडे, आणि मास्तर जिथे असायला हवे होते तिथे.

गुरुवारी मी ओपीडी सुरू व्हायच्या आधीच मॅडमच्या टेबलावर कागद पसरले. शाब्बासकीच घ्यायला गेले होते, कशाला लपवा. त्यांनी चष्मा लावून सगळे आलेख पाहिले, एकेक करून, सावकाश. मग विचारलं, ‘‘यांना माहीत आहे?’’

‘‘कोणाला?’’

‘‘ज्यांचं हे चालणं आहे त्यांना. चाचणी संपली असं तूच सांगितलंस ना?’’

मी म्हटलं, नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत. मी म्हटलं, संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या आहेत. त्यांनी संमतीपत्र मागितलं आणि त्यातली एक ओळ बोटाने दाखवली. ‘दहा मीटर चालण्याची चाचणी.’ नंतर म्हणाल्या, ‘‘दहा मीटर त्यांनी तुला दिले. पुढचं नाही दिलं.’’

‘‘तुम्हीसुद्धा दारातून बघताच की!’’ माझा आवाज चढला होता. सिस्टरनी मान वर केली.

‘‘बघते. त्यांना बरं करायला बघते, आणि ते माझ्याकडे त्यासाठीच येतात. तू छापणार आहेस.’’

मी कागद गोळा केले आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले. रागाने रडू येत होतं. समितीला पाच आठवडे राहिले होते, हातात सोनं होतं, आणि ही बाई म्हणत होती की ते माझं नाही. सगळ्यात जास्त राग याचा, की त्यांचं खरं होतं.

रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला मी सगळं लिहून दिलं, चुकीसकट. गाईड पहिल्यांदाच माझ्या बाजूने भांडले. नवव्या गुरुवारी उत्तर आलं. प्रत्येक रुग्णाला नव्याने, समोरासमोर विचारायचं. जो नाही म्हणेल त्याचा तुकडा कायमचा पुसायचा. गाईडनी आकडा सांगून ठेवला होता. तीस जण हो म्हणाले तरच निष्कर्षाला अर्थ, त्याखाली नाही.

मी मॅडमना म्हटलं, ‘‘तुम्ही सोबत याल? तुमच्या शब्दाला कोणी नाही म्हणणार नाही.’’

‘‘म्हणूनच येणार नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि हे बघ, उभी राहून विचारू नकोस. शेजारी बस.’’

मी शेजारी बसले. पहिल्याच आजीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘माझं वेडंवाकडं चालणं कशाला जपून ठेवायचं, बाळा? पुसून टाक.’’ मी त्यांच्यासमोर पुसलं. हात जड झाला, पण पुसलं. दोन गुरुवारांत एकोणीस हो आले, पाच नाही. उरलेल्या अठरांमध्ये एक स्वतः मास्तर, आणि बाकी सतरांचं उत्तर शब्दशः एकच होतं. ‘‘मास्तर काय म्हणतात ते बघू.’’

आणि मास्तरांना मी विचारलं नव्हतं. दोन्ही गुरुवारी त्यांना बघून मी फायलींच्या कपाटामागे सरकले होते. दुसऱ्यांवर ओरडायला मला कधी भीती वाटत नाही, पण त्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुम्ही गिरकी घेऊन गेल्यावर काय झालं ते माझ्याकडे आहे? अकराव्या गुरुवारी मात्र कपाटामागे जागा नव्हती. पुढच्या आठवड्यात समिती होती.

व्यायामाच्या वर्गाआधी, खुर्च्यांच्या रांगेत, मी त्यांच्या आणि काकूंच्या मधल्या खुर्चीवर बसले. सगळं सांगितलं. मी ‘झालं’ म्हटलं तेव्हा यंत्र चालू होतं. मी बंद केलं नाही. नंतर उघडून पाहिलं, तेही न विचारता. चूक माझी आहे.

मास्तरांचा चेहरा लाल झाला. ‘‘मी पट्टीपर्यंत चाललो होतो. पट्टीपर्यंत! त्यापुढे तू कोण बघणारी?’’ रांगेतल्या माना वळल्या. ‘‘डॉक्टरांना दाखवलंस हे?’’

आणि इथे माझी जीभ घसरली. ‘‘त्यांना आधीपासून माहीत आहे, मास्तर. त्या दारातून बघतात.’’

बोलले आणि वाटलं, आता सगळं संपलं. माझं संपलंच, वर मॅडमचंही नाव घालवलं. मास्तरांनी हळू आवाजात विचारलं, ‘‘मग ते शाब्बास?’’

‘‘ते मनापासून म्हणतात. त्यांनीच सांगितलं मला. म्हणाल्या, तेही त्यांचंच चालणं आहे, फक्त त्याला फार कष्ट पडतात.’’

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला. रुमाल खिशात जायला वेळ लागला. मी मदत केली नाही, एवढं तोवर शिकले होते. मग ते म्हणाले, ‘‘दाखव बघू काय आहे ते.’’

मी लॅपटॉप मांडीवर उघडला. उंच टोकं म्हणजे पावलं. ती जवळजवळ येत गेली, लहान होत गेली, आणि खोलीच्या दाराशी सपाट रेघ. रेघेवर बारीक थरथर, अकरा सेकंद. मास्तर ती थरथर बघत राहिले. ‘‘अकराच?’’ ते म्हणाले. ‘‘मला तर तास वाटतो.’’

अकरा सेकंदांनंतर एकदम एक मोठं टोक होतं. दणदणीत पाऊल, कवायतीसारखं. ते मला महिनाभर छळत होतं. इतर कोणाच्या आलेखात तसं नव्हतं. मी विचारलं, ‘‘मास्तर, इथे तुम्ही काय करता? एवढं मोठं पाऊल कसं पडतं?’’

‘‘काय माहीत. सुटतात पाय,’’ ते म्हणाले.

इतका वेळ गप्प असलेल्या काकू पुढे वाकल्या. ‘‘तिथे मी माझा पाय यांच्या पायासमोर आडवा टाकते. काहीतरी ओलांडायचं असलं, की उचलतात. एकदा स्वयंपाकघरात सहज झालं होतं, तेव्हापासून करते.’’

‘‘कधीपासून?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘झालं की दीड वर्ष.’’

मास्तर काकूंकडे बघत राहिले. मग पुन्हा पडद्याकडे. त्यांचं कापणारं बोट त्या टोकावर आलं आणि तिथेच राहिलं. ‘‘मी म्हणायचो, माझा मीच सुटतो.’’

‘‘मग? पाय तुमचेच तर सुटतात,’’ काकू म्हणाल्या.

मला भरून आलं, आणि त्याच वेळी डोक्याचा दुसरा अर्धा भाग बोंबलत होता, की अगं, म्हणजे ही नोंद एकट्या माणसाची नाहीच. म्हणजे आणखी कुणाकुणाच्या चाळीस सेकंदांत कोण आहे, ते मला माहीतच नाही. मी पाठ फिरवून उभी होते ना. मॅडम इतके गुरुवार जे विचारत होत्या त्याचं उत्तर मला त्या खुर्चीवर बसून दिसलं, आणि त्या बाईंबद्दल इतकी कृतज्ञता वाटली, की आत्ता उठून जाऊन सांगावं. पण मास्तर बोलत होते.

‘‘आण तो फॉर्म. मी सही करतो,’’ ते म्हणाले. ‘‘पण हिचीही घे. पाऊल हिचं आहे त्यात. न विचारता छापू नकोस.’’

माझ्याकडे काकूंसाठी फॉर्म नव्हता. असा फॉर्म कोणी बनवतच नाही. मी रुग्णांचाच एक कोरा काढला, ‘रुग्णाचे नाव’ यावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘सोबत चालणाऱ्या व्यक्तीचे नाव’. एथिक्स कमिटीकडून या काट मारलेल्या कागदाची मंजुरी नंतर वेगळी घ्यावी लागणार होती, ते मी काकूंना सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पर्समधून चष्मा काढला, कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. मास्तरांनी तोवर आपल्या फॉर्मवर सही केली होती. अक्षर कंपवातात होतं तसं मुंगीएवढं, ओळीच्या शेवटी शेवटी आणखी बारीक. त्यांनी ते झाकलं नाही.

व्यायामाचा वर्ग त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झाला. मास्तर धरून तेरा जणांनी सह्या केल्या, म्हणजे हो बत्तीस झाले. आणि त्यांतल्या सात जणांनी, मी काही बोलायच्या आधी, शेजारी बसलेल्या बायकोसाठी, मुलासाठी, एकाने शेजाऱ्यासाठी, तसलाच काट मारलेला एकेक फॉर्म मागून घेतला.